शेगडीला लावलेला कान

भर दुकानात अक्कांनी शेगडीला कान लावला, तेव्हा मी आधी इकडेतिकडे बघून घेतलं, कुणी ओळखीचं नाही ना. धुळ्यात याची खात्री देता येत नाही. देवपूरच्या शाळेत इतकी वर्षं शिकवल्यावर कुठल्याही दुकानात गेलं की निम्मी गिऱ्हाइकं माझे जुने विद्यार्थी नाहीतर त्यांचे आईबाप निघतात. आणि इथे माझ्या सासूबाई, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, डोक्यावरचा पदर एका हाताने आवळून पेटत्या बर्नरपासून वीतभर अंतरावर डोळे मिटून कान देऊन उभ्या होत्या. दुकानदार हातातला लायटर तसाच धरून माझ्याकडे बघत होता. मी जमीन दुभंगायची वाट बघत होते.

"हे मुकं हाये," अक्का म्हणाल्या आणि पुढच्या शेगडीकडे वळल्या.

अक्का जळगावच्या पूर्वेकडच्या, केळीच्या पट्ट्यातल्या. माहेर-सासर दोन्ही तिथलंच, त्यामुळे बोलणंही तिकडचं. सासरे गेल्यावर गावच्या घराला कुलूप लावून त्या आमच्याकडे देवपूरला आल्या, पण स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या एक दिवस बसल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डबे खाली काढून पुसले आणि आपल्या हिशेबाने लावले. मला शाळेची घाई असायची, मी मनातल्या मनात पेढे वाटले. तेव्हापासून आमच्या घरात स्वयंपाकघर अक्कांचं आणि त्याबद्दलची मतं माझी, अशी वाटणी होती.

आमची जुनी दोन बर्नरची शेगडी माझ्या लग्नातली. एका बर्नरची ज्योत पिवळी पडली होती, खालचा पत्रा गंजला होता आणि सिंकमधून पाणी झिरपत असल्यामुळे ओटा फोडायचाच होता. मग मी ठरवलं, ओट्यात बसवायची काचेची शेगडी घ्यायची, जिला दुकानात हॉब म्हणतात. काळी काच, चार बर्नर, बटण फिरवलं की आपोआप पेटणारी. फोनवर मी इतके फोटो बघितले होते की नवरा म्हणाला, मुलीसाठी स्थळं बघतानाही आपण इतके फोटो बघितले नव्हते.

दुकानदार भला माणूस होता. काचेचा हॉब पुसला की कसा चकचकीत होतो ते त्याने दाखवलं. मग इंडक्शन दाखवलं. "अक्का, हे बघा, याला ज्योत नाही, धूर नाही, आवाजसुद्धा नाही."

"आवाज नही? मंग चालू हाये का बंद, कसं समजावं?"

"लाल लाइट लागते ना."

"लाइट पाहत बसू का भाकरी करू?"

दुकानदार हसला, मीही हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी एकेक शेगडी पेटवायला लावली, मोठी ज्योत, मध्यम, बारीक, आणि दर वेळी कान पुढे केला. शेवटी त्यांनी पसंत केली ती एका कोपऱ्यातली स्टीलची, बोजड, जाड पितळी बर्नरची. पेटवली की भर्रर्र असा आवाज करायची.

"ही बोलते," त्या म्हणाल्या.

"अक्का, आपल्याला शेगडी घ्यायची आहे, संबळ नाही," मी म्हटलं आणि काळ्या काचेचा हॉब सांगून टाकला. घरी येताना रिक्षात त्या गप्प होत्या. मला वाटलं, रुसल्या. रुसू देत, म्हटलं. सासूच्या रुसण्याने ओट्याची शोभा थांबवायची का?

खरं तर शेगडीवरून आमची कुरबूर आधीपासूनच होती. आमच्याकडे धूर ओढणारी चिमणी बसवलेली आहे. अक्का फोडणी घालताना ती बंद करायच्या. मी चालू करायची, त्या बंद करायच्या. मिरचीच्या ठसक्याने सगळं घर खोकायचं, पण त्या ऐकायच्या नाहीत. "त्या घरघरीत मले काही समजत नही," एवढंच म्हणायच्या. स्वयंपाक करायचा आहे की प्रवचन ऐकायचं आहे, असं मी एकदा भांडणात बोलूनही गेले.

दुसरी गोष्ट नैवेद्याची. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचं पान वाढेपर्यंत पदार्थ चाखायचा नाही, हुंगायचासुद्धा नाही. लहानपणी भडगावला, माझ्या माहेरी, पुरणाच्या पातेल्यावर वाकले म्हणून मी आत्याचा धपाटा खाल्लेला आहे. त्यामुळे सणाच्या दिवशी अक्का पातेल्याजवळ तोंड नेत नाहीत, यात मला नवल नव्हतं. पण हळूहळू त्यांचे नैवेद्याचे दिवस वाढायला लागले. "अक्का, वास घेऊन बघा, दूध नासलंय का?" म्हटलं की "आज सोमवार हाये, तूच पाह्य." कधी चतुर्थी, कधी गुरुवार, कधी नुसतंच "आज नको". मी नवऱ्याला म्हणायची, तुमच्या आईच्या पंचांगात वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस नैवेद्य आहे. म्हातारपणी माणूस सोवळ्यात जास्तच शिरतो, असा मी निकाल लावून टाकला होता. निकाल लावण्यात मी पटाईत आहे. शाळेतही माझा निकाल चांगला लागतो.

इथे त्या तापाचं सांगायला हवं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो मीच घरात आणला. आधी मी पडले, मग अक्का. ताप उतरला, पण माझं नाक गेलं. हिंगाची डबी नाकाला लावली तरी काही नाही. मी त्याचा केवढा तमाशा केला! फोनवर साऱ्या नातेवाइकांना सांगितलं, जेवताना रडले, चहा ओतून दिला. अक्का स्वतः आजारातून उठून बसल्या होत्या, तरी रोज माझ्यासमोर काहीतरी नवीन आणून ठेवायच्या, कधी लसणाची चटणी, कधी भाजलेली ओली शेंग, आणि विचारायच्या, "आला का वास?" असे कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी त्या भरतासाठी वांगी भाजत होत्या आणि मी पलंगावरून ओरडत उठले, "अक्का, आला! वांग्याचा वास आला!" त्या हातात चिमटा घेऊन दारात आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चला, एकीचं तरी आलं." माझ्या शाळेतल्या एका बाईंचंही नाक गेलेलं होतं, ते अजून आलेलं नव्हतं. त्यांच्याबद्दल बोलल्या असतील, असं धरून मी पाट घेतला आणि त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या.

तर काचेचा हॉब घरी आला आणि तो बसवायला मिस्तरी आला. शिंदखेड्याकडचा, कामाला चोख. ओट्याच्या नव्या ग्रॅनाइटला हॉबच्या मापाचं भोक पाडायचं होतं. तेवढ्यापुरती जुनी शेगडी आम्ही मागच्या खोलीत टेबलावर ठेवली, सिलिंडर टेबलाखाली. अक्का तिथेच खुर्ची टाकून बसल्या. मी शाळेत गेले.

दुपारी परत आले तेव्हा कापायच्या मशिनचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येत होता. कानाचे पडदे फाटतील असा. मी चपला काढल्या आणि नेमकं तेव्हाच मशिन थांबलं. मिस्तरीला चहा हवा असावा, तो धुळीने पांढरा झालेला स्वयंपाकघरातून मागच्या खोलीकडे वळला आणि दारातच थबकला. मग ओरडला, "ताई! गॅसना वास यी राह्यना!"

तोपर्यंत तो मलाही आला होता. नुसता आला नाही, अंगावर आला. मी मागच्या खोलीच्या दारात पोचले. टेबलावर दुधाचं पातेलं उतू गेलेलं, दूध शेगडीवरून ओघळून टेबलाच्या कडेने टपटपत होतं, ज्योत विझलेली, बटण पूर्ण उघडं. शेजारच्याच खुर्चीवर अक्का मांडीत मेथीची जुडी घेऊन बसलेल्या. मशिन थांबलं तेव्हाच त्यांनी मान वर केली होती. त्यांना विझलेली शेगडी दिसली. "अवं माय, दूध गेलं," म्हणत त्यांनी हात लांब केला आणि लायटर उचलला.

मी किंचाळले. काय किंचाळले ते मला आठवत नाही. मिस्तरी सांगतो की मी त्याला ढकलून पुढे गेले. मला आठवतं ते अक्कांचं मनगट, माझ्या मुठीत, आणि त्यांच्या मुठीत लायटर. त्यांचा अंगठा दाबण्याच्या बेतात होता. मिस्तरीने बटण बंद केलं, रेग्युलेटर काढला, खिडक्या-दारं भसाभस उघडली. मी अक्कांना ओढतच अंगणात आणलं. मेथी सगळीकडे सांडली. मी तुळशीच्या कट्ट्यावर बसले.

"अक्का," मी म्हटलं, "इतका वास सुटलाय. शेजारी बसला होतात तुम्ही. कळलं नाही?"

त्या अजून गोंधळलेल्या होत्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "मशिन चालू होतं ना. काही ऐकूच नही आलं."

वासाचा आणि मशिनचा काय संबंध? वास घ्यायला कान कशाला लागतात? हे मी तोंडाने विचारलं नाही. विचारायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्या तापापासून."

"तापापासून? अक्का, कितीतरी वर्षं झाली त्याला!"

"हो."

"आणि सांगितलं नाहीत?"

त्या मेथीचं अंगाला चिकटलेलं एक पान काढत बसल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं, तं तू मले शेगडीजवळ उभं केलं असतं का?"

नसतंच केलं.

मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि प्रत्येक आठवण म्हणजे एक चपराक होती. चिमणीची घरघर त्यांना का नको होती. मोहरी कधी तडतडते, लसूण तेलात कधी गप्प होतो, वांग्याच्या देठाजवळून वाफ कधी शिट्टी घालते, भाजीतलं पाणी आटल्यावर तिचा आवाज कसा बदलतो, हे सगळं ती बाई कानाने ऐकत होती आणि मी चिमणी लावून तिचे कान बंद करत होते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. कुठला सोमवार आणि कसली चतुर्थी! मी ज्याला सोवळं म्हणून हसत होते, त्याच्या आड ती लपली होती. तेही पक्कं, कारण हुंगू नका असं जिथे घरचं वळणच आहे, तिथे हुंगलं का नाही म्हणून कोण विचारणार? आणि दुकानात शेगडीला लावलेला तो कान! मुकं हाये, म्हणाल्या होत्या. त्या आपल्या जिवाला सांभाळणारी शेगडी शोधत होत्या आणि मी काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत होते.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो आधी सुन्न झाला. मग आईजवळ जाऊन बसला. म्हणाला, "आई, पण मला भाजीत कधी फरक नाही जाणवला गं."

"जाणवू दिला नही," अक्का म्हणाल्या. त्यात थोडा अभिमान होता, आणि तो बघून तर माझं डोकंच फिरलं.

घाबरलेलं माणूस वाईट बोलतं. मी बोलले. तुम्ही स्वतः गेला असता, त्या मिस्तरीला घेऊन गेला असता, मी दार उघडलं असतं आणि मला काय दिसलं असतं, हे सगळं ओरडून बोलले. आणि शेवटी म्हटलं, "उद्यापासून गॅसला हात लावायचा नाही." हे मी सासूला म्हटलं. माझ्या आईने ऐकलं असतं तर मला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी काचेचा हॉब परत केला आणि इंडक्शन आणलं. ज्योत नाही, गॅस नाही, प्रश्न मिटला. मिस्तरी अर्धवट ओट्यासमोर उभा राहून म्हणाला, "ताई, आते या भोकनं काय करू?" त्याने हॉबच्या मापाचं भोक पाडून ठेवलेलं होतं. मी त्यावर पोळपाट ठेवला आणि पोळपाटाशेजारी इंडक्शन. सिलिंडर मागे पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. सगळं सुरक्षित झालं आणि घर असं झालं, जणू कुणीतरी बाहेरगावी गेलंय.

अक्कांनी प्रयत्न केला नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी त्यांनी आपलं पितळी पातेलं ठेवलं, ते तापेचना. मग स्टीलचं ठेवलं. फोडणी घातली आणि उभ्या राहिल्या. ज्योत नाही, त्यामुळे तेल किती तापलंय ते डोळ्याला दिसेना. यंत्राचा बारीक पंखा सारखा घूं घूं करत होता, मध्येच ते टीं टीं ओरडायचं, त्यात मोहरीचा आवाज हरवायचा. लसूण काळा झाला. पातेल्यातून धूर निघाला तेव्हा त्यांना कळलं. भाकरी तव्यावर भाजली गेली, पण तवा सरकवून ती विस्तवावर फुगवायची कशी? चपट्या, कडक भाकऱ्या त्यांनी टोपल्यात ठेवल्या आणि वर फडकं झाकलं, कुणाला दिसू नयेत तसं.

"होईल सवय, अक्का," मी म्हटलं.

"नाक तं देवानं नेलं," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण तुह्या या यंत्रानं मले बहिरंबी केलं."

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. सकाळी अंघोळ करून पुढच्या खोलीत बसायच्या. मी वाढलं की जेवायच्या. भाजी कशी झाली विचारलं की म्हणायच्या, चांगली हाये. मी करते ती भाजी चांगली नसते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. अक्कांनी तिला नावं ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं.

आठवडाभराने मी शाळेतून आले तर त्यांच्या पलंगावर पिशवी भरलेली. दोन लुगडी, औषधाचा डबा, जपमाळ.

"गावाले जाते मी," त्या म्हणाल्या. "सकाळच्या जळगावच्या गाडीनं. तठी घर हाये माह्यं."

"एकट्या? आणि खाणार काय?"

"करीन ना. तठी शेगडी हाये, सिलिंडर हाये."

मी दप्तर हातात घेऊन तशीच उभी राहिले. मागच्या खोलीतल्या त्या दुपारी जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा आता बसला. मी त्यांना वाचवायला म्हणून हे सगळं केलं होतं, आणि त्याचा अर्थ असा झाला होता की बंद घरात, एकट्या, वर्षानुवर्षं न तपासलेल्या नळीच्या शेगडीसमोर त्या काडी ओढणार होत्या. तिथे ओरडणारा मिस्तरी नव्हता. मनगट धरणारी मी नव्हते. आणि त्या जाणार होत्या हे नक्की, कारण अक्का मनात आलेलं बोलून दाखवत नाहीत, ठरलेलं तेवढं बोलतात.

"चार दिवस थांबा," मी म्हटलं. "फक्त चार दिवस. मग मी स्वतः गाडीत बसवून देते."

त्यांनी पिशवी पलंगावरून खाली ठेवली.

मी तडक दुकानात गेले. त्या भल्या दुकानदाराला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याच्या तोंडाचा आ झाला. "वास येत नाही आणि स्वयंपाक?" तो पुन्हापुन्हा विचारत होता. मग त्याने मला एक हॉब दाखवला, ज्याच्या प्रत्येक बर्नरजवळ धातूची एक बारीक काडी असते. ज्योत आहे तोवर ती काडी तापलेली राहते. दूध उतू जाऊन म्हणा, वाऱ्याने म्हणा, ज्योत विझली, काडी थंड पडली की गॅस आपोआप बंद. पेटवताना बटण थोडा वेळ दाबून धरावं लागतं, एवढंच. "आणि हे," म्हणून त्याने एक छोटी पांढरी पेटी ठेवली. हवेत गॅस मिसळला की ती ओरडते. गॅस जड असतो, तळाशी साचतो, म्हणून ती जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायची. त्याने तिचा आवाज ऐकवला. दुकानातली सगळी माणसं दचकली.

"चालेल," मी म्हटलं. "आता तो हॉब पेटवा."

त्याने पेटवला. मोठी ज्योत, मध्यम, बारीक. मी पदर आवळला, डोळे मिटले आणि कान पुढे केला. आधी मला काहीच ऐकू आलं नाही, रस्त्यावरच्या गाड्या सोडल्या तर. मग हळूहळू आलं. मोठ्या ज्योतीचा फरफराट, मध्यमचा लांब श्वास, आणि बारीक ज्योतीचा अगदी हलका, एकसारखा सूर. मी त्याला ज्योत फुंकून विझवायला सांगितली. सूर तुटला. मग शांतता, आणि काही वेळाने आतून स्पष्ट टक् असा आवाज. गॅस बंद झाल्याचा.

"पुन्हा," मी म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा समोर माझी एक जुनी विद्यार्थिनी कडेवर मूल घेऊन उभी होती. "मॅडम, बरं आहे ना?" तिने काळजीने विचारलं.

मिस्तरीने ओट्यावरचा पोळपाट उचलला. नवा हॉब त्या भोकात थोडी घासपूस करून बसला. पितळी बर्नर, वर स्टील, काच नाहीच. पांढरी पेटी खाली, सिलिंडरच्या कपाटाशेजारी. अक्कांना मी काही समजावलं नाही. फक्त हाताला धरून आणलं, चिमणी बंद केली, घरातला टीव्ही बंद केला आणि म्हटलं, "ऐका."

त्यांनी बटण दाबून धरलं. ज्योत धरली. त्यांनी कान दिला आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मी वाकून ज्योत फुंकली. त्या दचकल्या, त्यांचा हात लगेच बटणाकडे गेला. मी तो धरला. "थांबा." आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या. टक्.

"हे काय?"

"गॅस बंद झाला. आपला आपण."

त्यांनी मला पुन्हा पेटवायला लावलं, पुन्हा विझवायला. चारही बर्नर. मग मिस्तरीने लायटरमध्ये भरायच्या गॅसचा डबा आणून त्या पेटीजवळ किंचित सोडला, आणि पेटी अशी ओरडली की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"इतलं मोठ्यानं?" अक्का कानावर हात ठेवून म्हणाल्या. "हे तं तुह्यावानी ओरडते."

किती दिवसांनी त्या मला टोचून बोलल्या होत्या. मला रडूच आलं. त्यांनी तिकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, "वांगी हायेत का घरात?"

वांगी होती. गावाकडून आलेली, हिरवट पांढरी, भरताची. खरं तर ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, पण देवपुरात काड्या कुठून आणणार? अक्कांनी त्यांना तेलाचा हात लावला, टोचे मारले आणि दोन बर्नरवर दोन ठेवली. मी शेजारी उभी राहिले. आता मलाही थोडं ऐकू यायला लागलं होतं. साल तडकल्याचा आवाज, मग आतल्या रसाचं चुरचुरणं. देठाजवळून बारीक शिट्टी निघाली तशी त्यांनी वांगं फिरवलं. आणि तो वास उठला, भाजल्या वांग्याचा, घरभर. मी सवयीने ओरडले, "अहाहा, अक्का, काय वास सुटलाय!"

आणि जीभ चावली.

त्या हातात चिमटा घेऊन माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. हसत होत्या.

"चला," त्या म्हणाल्या, "एकीचं तरी नाक हाये घरात."

मला ते वाक्य ओळखू आलं. माझ्या खोलीच्या दारात, याच चिमट्यासकट, तापातून उठल्यावर त्यांनी मला ते एकदा सांगून झालेलं होतं. त्या दिवशी मी विचारलं नव्हतं की मग कोणाचं नाही आलं. मी पाट ओढून बसले होते आणि भाकरी मागितली होती, आणि त्यांनी ती वाढली होती.